पाचापर्यंत बंद

अकरा वाजून चार मिनिटं. आमचे पाच वाजून चार.

"सोडू नका, गाशे," येशी म्हणाली.

शिफेराव वडीलधारा, म्हणून सगळ्यांचा गाशे. तो सोडणार नव्हताच. हँगरच्या दाराशी भिंतीवरचं पिवळं बटण त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं होतं. दाबलं की छतातली, आग विझवायच्या फेसाची यंत्रं थांबतात. सोडलं की पुन्हा फेस कोसळतो. मुख्य झडप बंद करायला माणूस पळाला होता, पण पंपघर लांब.

समोर विमान नव्हतं. नुसतं पांढरं होतं, माणसाच्या डोक्याच्याही वर. त्यातून शेपटाचा एक तुकडा बाहेर.

पंखाखाली सात जण कामाला होते. बाहेर सहा आले.

"कोण राहिलं?"

येशीच्या हातात अजून झाडू होता. "लाकेव," ती म्हणाली.

सकाळचे साडेआठ. आमचे अडीच.

येशीच्या कॉफीचा दुसरा पेला. लाकेव जिना चढून वर शिफेरावच्या नियंत्रण-खोलीत आला होता.

"गाशे, आज पंखाखाली ग्राइंडर चालवायचाय. ठिणग्या उडतील. फेस पाचापर्यंत बंद ठेवा."

"चिठ्ठी?"

"साहेब रजेवर. माझ्या शब्दावर विश्वास नाही होय?"

"परदेशातनं आल्यापासून कॉफीत मीठ घालत नाहीस तू. तुझ्यावर कसला विश्वास?"

येशी हसली. लाकेवनं तिच्या देखत चिमूटभर मीठ पेल्यात टाकलं, तोंड वाकडं करत प्यायला आणि गेला. शिफेरावनं कळ फिरवून यंत्रणा बंद केली.

आमचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, विमानांचा मध्यरात्री. म्हणून विमानांचे सकाळचे अकरा ते आमचे पाच, आणि विमानांचे संध्याकाळचे पाच ते आमचे अकरा. शिफेरावनं एकोणीस वर्षं हा घोळ एका नियमावर सांभाळला होता. चिठ्ठीतले आकडे विमानांचे, तोंडातले आपले.

त्या दिवशी चिठ्ठी नव्हती.

अकरा. आमचे पाच.

खोलीच्या काचेतून पंखाखालचं दिसत नाही. खाली उतरून विचारायचं होतं. बावीस पायऱ्या. गुडघा सकाळपासून ठणकत होता.

त्यानं कळ फिरवली. वहीत लिहिलं : ५, चालू.

खाली ठिणगी उडाली. यंत्रणेला ती आग वाटली. एकदा सुटलेला फेस कळीनं थांबत नाही.

अकरा वाजून सात. आमचे

आमचे किती, ते त्याला सुचेना. त्यानं हाका मारून पाहिल्या होत्या. फेस हाक गिळतो. अंगठा आखडला होता.

"तू धर," तो म्हणाला.

"मी? माझे हात ओले आहेत."

"दोन्ही अंगठ्यांनी धर. मध्येच सोडलंस तर आम्ही दोघंही आतच."

"असं बोलू नका हो."

आधी तिनं खांद्यावरची नेतेला काढून ते पातळ सुती वस्त्र त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधलं. मग आपले अंगठे त्याच्या अंगठ्यावर ठेवले. त्यानं हळूच आपला काढून घेतला. दोघांनी छताकडे पाहिलं.

छत गप्प राहिलं.

जमिनीवरून ग्राइंडरची हवेची नळी आत गेली होती. ती मुठीत धरून तो गुडघ्यांवर रांगत शिरला. आत उजेड होता पण दिसत काहीच नव्हतं. श्वास घेतला की ओलं कापड तोंडात यायचं. नळी, पुढे नळी. त्याचं सगळं लक्ष वर होतं. येशीला शिंक आली तर. येशी घाबरून पळाली तर. एकदा घरघर ऐकू आली आणि त्यानं डोकं जमिनीला टेकवलं. ती त्याच्याच छातीतली होती.

मग नळी फुसफुसायला लागली. हात बुटाला लागला. बूट हलला.

लाकेवचा घोटा मोडला होता. ग्राइंडर काढून टाकून त्यानं नळीचं तोंड चेहऱ्याशी धरलं होतं आणि तेवढ्याच वाऱ्यात तो श्वास घेत पडला होता. तो काहीतरी म्हणाला. शिफेरावला ऐकू आलं नाही. त्यानं त्याची कॉलर धरली आणि नळीच्या मागे मागे ओढत निघाला.

दाराशी येशी डोळे मिटून उभी होती. झडप बंद झाल्याचं तिला दोनदा सांगावं लागलं.

दुसरा दिवस. दहा. आमचे चार.

दवाखान्यात लाकेवचा आवाज बसलेला. "गाशे, माझे पाच विमानांचे होते. यंत्र आपोआप चालू झालं म्हणून सांगा. बिघडतात यंत्रं. मीही तेच सांगीन."

"वहीत पाच लिहिलेत मी."

"पान फाटतं."

"तू झोप."

चौकशीचे साहेब लांबून आले होते. त्यांच्यासमोर छापील तक्ता होता. येशी कॉफी ठेवून दारात थांबली.

"यंत्रणा कुणी चालू केली?"

"मी. खाली जाऊन विचारलं नाही. गुडघा दुखत होता."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हे लिहिलं तर नोकरी राहणार नाही, माहीत आहे ना?"

"आहे."

साहेबांनी वेळेच्या चौकटीत लिहिलं, अकरा.

शिफेराव पुढे झुकला. अंगठा अजून नीट सरळ होत नव्हता. तोच त्यानं चौकटीवर टेकवला.

"तिथं पाच लिहा," तो म्हणाला. "मी पाचालाच चालू केलं."