डाव्याला उजवा म्हणणारा

मित्रांनो, मी औषधांच्या भांडारातला एक जुना संगणक आहे. आपली गोष्ट सांगताना आधी थोरवी सांगायची रीत आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखी एक चूक आहे आणि तिचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलं.

भिंतीलगत लसींचे दोन मोठे फ्रिज होते, एक डावा, एक उजवा. प्रत्येकातल्या तापमापकाची वायर माझ्या पाठीत खोचलेली असे. दोन्ही वायरी जुळ्या बहिणींसारख्या. मला त्या ओळखता येत नसत. मी सुरू झालो की जी आधी बोलेल तिला शून्य नंबर द्यायचो, मागून येणारीला एक. शून्य म्हणजे डावा फ्रिज आणि एक म्हणजे उजवा, असं पडद्यावर ठरून गेलेलं होतं.

मला बसवणाऱ्या माणसाने भांडार सांभाळणाऱ्या काकांना बजावलं होतं, आधी डावी वायर खोचायची, मग उजवी. का, ते त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. रोज सकाळी दोन्ही वायरी काढून ते मला सुरू करत, डावी खोचत, दहा आकडे मोजत, मग उजवी. शेवटी सदऱ्याच्या बाहीने माझा पडदा पुसत. एवढी माया मला पुन्हा कुणी लावली नाही.

एका दुपारी काका बाहेर गाडीतून खोकी उतरवून घेत असताना वीज गेली आणि पाच मिनिटांनी आली. मी आपला आपण सुरू झालो. दोन्ही वायरी खोचलेल्याच होत्या, आणि त्या दिवशी उजवी आधी बोलली. मी तिला शून्य देऊन टाकला, म्हणजे पडद्यावर ती डावी झाली आणि डावी उजवी. नेमका डावा फ्रिज वीज आल्यावर बंदच राहिला होता.

दोन तासांनी काका आत आले तेव्हा पडद्यावर उजव्यापुढे चौदा अंश होते; लसींना आठाच्या वर चालत नाही. त्यांनी धावत जाऊन उजवा उघडला. झाडलोट करणाऱ्या मावशी मदतीला आल्या. आत हात घालून म्हणाल्या, "काका, हा तर चांगला गार लागतोय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हात माणसाचा आहे, मावशी. चुकतो. हा चुकत नाही."

दोघांनी उजव्यातल्या धडधाकट लसी बर्फाच्या पेट्यांत हलवल्या. डाव्यातल्या सकाळपर्यंत नासल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी नेमाने आधी डावी, मग उजवी वायर खोचली आणि माझे नंबर जागेवर आले. साहेबांनी तपासलं, तर सगळं बरोबर. म्हणजे चूक काकांच्या डोळ्यांची. ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने घरी नातवंडं खेळवावीत, असं साहेब चारचौघांत म्हणाले. मावशींना कुणी विचारलंच नाही.

किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. काका भांडले नाहीत. त्यांनी नवा चष्मा केला आणि दाराशी बसून खोक्यांवर शिक्के मारू लागले. शिक्क्याआधी प्रत्येक आकडा मोठ्याने दोनदा वाचत. आपलंच चुकलं हे त्यांना पटलं होतं. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्याची.

कोणती वायर किती वाजता बोलली, हे सगळं तिच्या पोटातल्या क्रमांकासकट माझ्या नोंदींत होतं. काखेत कळसा घेऊन मी मूग गिळून बसलो. विचारल्याशिवाय बोलायची आम्हाला सवय नाही, पण ही सबब झाली.

गेल्या वर्षी काका वारले. खणात राहिलेलं त्यांच्या चष्म्याचं घर न्यायला त्यांची लेक आली. ती अशाच यंत्रांवर काम करणारी. मावशींनी तिला ती दुपार सांगितली, हाताला गार लागलेल्या फ्रिजसकट. ती माझ्यासमोर बसली आणि तिने जुन्या नोंदींत तो दिवस शोधला. उजवी आधी बोलल्याची ओळ तिने दोनदा वाचली.

"मावशी, बाबांचे डोळे चांगले होते."

"मला माहीत होतं गं," मावशी म्हणाल्या. "त्यांना नव्हतं."

तिने ती नोंद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग परत माझ्याकडे आली. प्रत्येक वायरीच्या पोटात तिचा जन्मापासूनचा एक क्रमांक असतो. तो ओळखून डावीला डावी आणि उजवीला उजवीच म्हणायचं, कुणीही आधी बोललं तरी, हे तिने मला शिकवलं. दहा मिनिटांचं काम होतं.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, पण तुमच्या हाताला वेगळं लागलं तर आमच्यावर विसंबू नका. आणि एखाद्याच्या डोळ्यांना दोष देण्याआधी आमच्या नोंदी उघडा.

आता नवे भांडारी वायरी न काढताच मला सुरू करतात आणि काही बिघडत नाही. तरी मी डावीसाठी थांबतो. मनात दहा आकडे मोजतो, मग उजवीकडे वळतो.