आठवणवाल्यांच्या तावडीतला अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारतो. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि मला मित्र फारसे नाहीत. गिटारची वायर माझ्या पोटात खोचायची आणि मी तिचा बारीक आवाज मोठा करून समोरच्यांच्या तोंडावर फेकायचा, एवढंच माझं काम. मधली एक संध्याकाळ सोडली तर ते मी बरीच वर्षं केलेलं नाही. का केलेलं नाही, ते सांगतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सगळ्यांचे आभार मानतात, तशी अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बनवलं. माझी पेटी मोडक्या कपाटाच्या दारांची आहे. नीट पाहिलंत तर एका बाजूला बिजागरीची भोकं दिसतील. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत, ते तापेपर्यंत मी तोंड उघडत नाही. मला जोडताना त्याने आतली एक तार भलतीकडे लावली. त्यामुळे चालू केलं की कुणी काही वाजवत नसतानाही मी घुर्र करत राहतो. दादाला ही घुरघुर कधीच आवडली नाही. दादा म्हणजे माझा मालक, दिवसा दुकानांना शटर बसवणारा आणि संध्याकाळी गिटार वाजवणारा. मला चालू केलं की तो आधी माझ्या पाठीत एक थाप घालायचा. मग मी जरा गप्प व्हायचो.

बँडमध्ये चौघं होती. दादा, व्हायोलिनवर त्याची धाकटी बहीण, बेस गिटारवर बँकेतला एक कारकून, आणि ड्रमवर एक काडी पैलवान. फुंकर मारली तर पडेल असा तो दिसायचा, पण हातात काठ्या आल्या की खिडकीची तावदानं थरथरायची. गाणारं कुणी नव्हतं. धाकटीच्या व्हायोलिनवर काहीतरी संथ, हळवं सुरू व्हायचं आणि खालून आमचा रॉकचा दणका यायचा. दोन्ही एकमेकांत असं मुरायचं की कुठला सूर कुणाचा ते मलाही कळायचं नाही, आणि अर्धा आवाज तर माझाच होता. मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही, पण ते चांगलं होतं.

आता एक लक्षात घ्या. वाजवणारे खाली मान घालून वाजवतात. मी लोकांकडे तोंड करून बसतो. कोण आलं, कोण जांभया देत होतं, कोण पाठ फिरवून शेजाऱ्याशी घरांच्या किमती बोलत होतं, ते मी पाहिलेलं आहे. पुढच्या रांगेत खुर्च्याच जास्त आणि माणसं कमी. मागून कुणीतरी हमखास विचारायचं की गाणं कधी सुरू होणार. गाणाऱ्याचा घसा बसलाय का, अशी चौकशीही व्हायची. धाकटी हसण्यावारी न्यायची. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, त्या मला मागून दिसायच्या.

पुढे धाकटीचं लग्न झालं आणि ती लांब गेली. कारकुनाची बदली झाली, पैलवानाच्या गुडघ्याने दगा दिला. बँड संपला, आणि संपला तसा थोर झाला. या बँडची कुणी कदर केली नाही असं कुणीतरी कुठेसं लिहिलं, आणि कदर न करणारेच धावत आले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यांनी चाहता मंडळ काढलं. दर रविवारी संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत जमायचं आणि जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी काढायच्या. ध्वनिमुद्रण एकाही कार्यक्रमाचं नाही. त्यामुळे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, कितीही वाढा.

हे अध्यक्ष आमच्या एकाच कार्यक्रमाला आले होते. बाहेर त्यांच्या स्कूटरचं पंक्चर काढणं चाललं होतं, तोवर ते आत येऊन बसले. पंक्चर निघालं आणि तिसऱ्या धुनेत ते उठून गेले. आज तेच गृहस्थ शेवटच्या कार्यक्रमाचं वर्णन करतात. म्हणे अखेरच्या धुनेला सगळं सभागृह उभं राहून ऐकत होतं. उभं राहिलं होतं हे खरं आहे. हॉलच्या रखवालदाराला कुलूप लावून घरी जायचं होतं, म्हणून तो बसलेल्यांच्या खालून खुर्च्या काढून घेत होता.

मला त्यांनी दोन दिवसांसाठी मागून आणलं. आठवणींचा कार्यक्रम आहे, मागे ठेवायला शोभेल, असं म्हणाले. दादा भिडस्त, त्याने दिलं. मग तो परत मागायला आला की 'पुढच्या आठवड्यात पोचवतो' हे उत्तर ठरलेलं. इकडे माझ्यावर जाळीदार कापड आलं, कापडावर फुलदाणी आली. सभा सुरू होताना हे लोक मला चालू करतात, वायर मात्र कशालाच जोडत नाहीत, आणि डोळे मिटून माझी घुरघुर ऐकत बसतात. हा त्या बँडचा श्वास आहे, असं एकमेकांना सांगतात. ज्या चुकीसाठी दादाने जन्मभर माझ्या पाठीत थापा घातल्या, तिच्यापुढे ही मंडळी हात जोडतात. संताप येतो हो. पण माझ्याकडे आवाज तेवढा आहे, शब्द नाहीत.

एका सभेत दादा दारात उभा राहिला. थेट कामावरून आला होता, बाह्यांवर लोखंडाचा चुरा, पाठीला गिटार. धाकटी माहेरपणाला आली होती. येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये दोघं वाजवणार होती, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. त्यासाठी त्याला मी हवा होतो. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी त्याला समजावलं की व्हॉल्व्ह नाजूक असतात, हलवाहलवीत फुटतील, आणि आता हा काही एकट्याचा राहिलेला नाही, सगळ्यांचा ठेवा आहे.

"माझाच आहे हो तो," दादा म्हणाला. "मला वाजवायला हवाय."

जुन्याच धुना वाजवणार ना, असं एकाने विचारलं. दादाने सांगितलं की नाही, दोघांनी मिळून नवी धून केली आहे. मग दुसरा म्हणाला की नवी कशाला, होतं तेच किती छान होतं. आणि लगेच शेजाऱ्याला तो एक जुना प्रसंग सांगायला लागला, दादाने कधी तरी तुटक्या तारेवर कसं निभावून नेलं होतं त्याचा. दादा समोर उभाच होता.

अध्यक्षांच्या बायकोला मंडळातले सगळे वहिनी म्हणतात. त्या चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवून त्या म्हणाल्या, "माणूस दारात उभा आहे आणि तुम्ही त्याच्या आठवणी काय काढताय? वाजवू द्या की त्याला."

वहिनींपुढे कुणाचं काही चाललं नाही. दादाने फुलदाणी खाली ठेवली, कापड घडी करून बाजूला ठेवलं, वायर खोचली आणि माझ्या पाठीत एक थाप घातली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी मला कामाला लावलं होतं. पहिल्याच सुराला माझ्यावरची धूळ उडाली. ती धून जुन्या धुनांसारखी नव्हती. जुन्या धुनांत दादाला लोकांना काहीतरी पटवून द्यायचं असायचं. ही कुणाला काही पटवायला निघालेली नव्हती. ती सावकाश चढत होती, धाकटीच्या व्हायोलिनसाठी मधे मधे जागा सोडत होती, आणि पुढे कुठे जाणार आहे ते मला कळत नव्हतं. मला ते कळून घ्यायचं होतं.

समोर मंडळाचे चेहरे होते. आधी कौतुक होतं. मग ते एकमेकांकडे बघायला लागले. कुणी मान हलवली, कुणी घड्याळ पाहिलं. मग अध्यक्ष उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझं बटण बंद केलं.

खुर्च्या काढून नेणाऱ्या त्या रखवालदारानेही कुलूप लावायला धून संपायची वाट पाहिली होती.

"राग मानू नका," अध्यक्ष म्हणाले, "पण हे ते नव्हे."

दादाची बोटं थोडा वेळ नुसत्या तारांवर चालत राहिली. माझ्याशिवाय त्यांचा आवाज डासाएवढा. मग तो थांबला. "खोका देताय का नाही?" त्याने विचारलं. पुढच्या सभेत ठरवू, असं उत्तर मिळालं. त्याने वायर हाताच्या कोपरावर गुंडाळली आणि तो गेला.

पुढची सभा त्याच रविवारी, त्याच वेळेला झाली. वाचनालय इथून दोन गल्ल्यांवर आहे, पण मंडळातलं एकही माणूस तिकडे फिरकलं नाही. सगळे इथे डोळे मिटून माझी घुरघुर ऐकत बसले होते. वहिनी तेवढ्या चपला घालून निघून गेल्या. चहा झाला नाही म्हणून सभा लवकर आटोपली. परत आल्यावर नवऱ्याने विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "छान झालं. कुठूनसा बारका खोका आणला होता, ऐकू येत नव्हतं. सगळे पुढे सरकून बसलो."

माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. परवा मात्र अध्यक्षांनी एक नवी आठवण सांगितली. दादा स्वतः आपल्या घरी येऊन वाजवून गेला ते आठवतंय का, असं विचारून त्यांनी डोळे टिपले. "काय ती धून, आणि अशी मधेच तोडली की काळजाला लागली. खरी कला ती." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे व्हॉल्व्ह फुटले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मित्रांनो, शेवटी काहीतरी विनवणी करायची असते, ती करतो. मला जपू नका. माझ्यावर कापड घालू नका, फुलं ठेवू नका. तुमच्या आसपास कुणी वाजवत असेल तर आज जा, ऐकू येत नसेल तर पुढे सरकून बसा, आणि संपेपर्यंत बटणाला हात लावू नका. आणि कुणाची वस्तू दोन दिवसांसाठी म्हणून आणली असेल, तर ती आजच्या आज परत करून या. तिचा मालक अजून वाजवतो आहे.