रागिणीचा गजरा

"हे लाल काय होय वं?"

"काय होय वं," रागिणी म्हणाली.

विचारलेलंच परत द्यायचं, ही रागिणीची जुनी रीत. तिला स्वमग्नता आहे. शब्द आत भरपूर, पण बाहेर येणार एकेकटे, तेही मर्जी झाली तर! तेव्हा सहावीतल्या या पोरीच्या खिशात सापडलेला लाल पुठ्ठा म्हणजे काय, हे तिच्या आईला, जमुनाला, तिच्याकडून कळणार नव्हतं. पुठ्ठ्यावर नुसता हाताचा पंजा काढलेला. आणि वेणी पाहावी, तर आजही गजरा गायब!

राजापेठेत फुलांचं दुकान असलेल्या बाईची पोर सकाळी ताजा मोगरा माळून शाळेत जाते आणि रोज रिकामी वेणी घेऊन परत येते, म्हणजे काय? पोरी ओढून घेतात? की ती नवी सीमा मॅडमच? जमुनाला तर दिसायलाही लागलं: मॅडमचा भला मोठा अंबाडा आणि त्यावर आपला मोगरा, फुकटात!

शेजारी भाजी विकणाऱ्या माणिकबाईने पुठ्ठा हातात घेतला आणि च्यक् च्यक् केलं. "लाल म्हंजे धोका, बाई. निशानी लावून राह्यले तुह्या पोरीले. उद्या म्हनतीन, घेऊन जा."

रागिणीने पुठ्ठा ओढून परत खिशात घातला. पण जमुनाला माणिकबाईचं पटलं, कारण शाळेने तिला एकदा फसवलं होतं. अकोल्याच्या शाळेतल्या बाई वर्षभर सांगत होत्या, "छान शिकतेय हो रागिणी." आणि एक दिवस न सांगता जमुना तिथे गेली, तर रागिणी व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी, शिपाईणबाईंसोबत मेथी निवडत बसलेली. मेथी मात्र सुरेख निवडायला शिकली होती! तेव्हापासून जमुनाचा कुठल्याच शाळेवर विश्वास नव्हता. इथे अमरावतीत शाळेचा फोन आला की ती "गिऱ्हाईक हाय" म्हणून बंद करायची.

"अवं, एकडाव आयकून त पाय काय म्हनतेत," नवरा देवराव म्हणायचा.

"आयकलं का 'घेऊन जा' म्हनतीन. नाई आयकलं त कोनाले म्हनतीन?"

यावर देवराव चपला घालून बाहेर पडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागच्या खोलीत नेहमीचा तमाशा झालाच. जमुनाने पोरीला दोन गुडघ्यांत दाबून बसवलं, गार ओला गजरा वेणीत खोचला आणि रागिणीने गल्ली डोक्यावर घेतली. रोजचंच होतं. जमुनाला वाटलं, पाहा, पोर शाळेचं नाव काढलं की किंचाळते! काहीतरी होतंच असणार तिथे.

"आज पाह्यतोच मी," ती देवरावला म्हणाली. "तसंच असलं, तर नाव काढून आनतो. दुकानात बसवीन माह्यापाशी."

डबा विसरल्याचं निमित्त करून ती शाळेत शिरली. आधी व्हरांडा पाहिला. टाकीपाशी कोणी नव्हतं. हं, म्हणजे दुसरीकडे कुठे बसवत असतील! मग वर्गाच्या खिडकीतून तिने हळूच डोकं आत घातलं.

रागिणी वर्गात होती. मधल्या बाकावर. समोर चित्रांची एक पट्टी चिकटवलेली: पुस्तक, डबा, मैदान, घर. शेजारच्या रश्मीने बाकावर हलकेच टकटक केलं, तशी रागिणीने दोन्ही कान झाकले आणि मग घंटा वाजली. अरे, घंटा होणार हे ही पोरगी तिला आधी सांगते होय! जमुनाला क्षणभर बरं वाटलं. पण क्षणभरच. कारण खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर स्टीलच्या पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात तिचा गजरा.

"हा कोनं काढला?" जमुना दारात येऊन ओरडली. सगळा वर्ग वळला.

"काकू, तीच काढते," रश्मी म्हणाली. "रोज. दारातच. आमी पान्यात ठेवतो. सुट्टीत शिपाईन मावशी नेते, देवाले वाहाले."

"खोटं! माही पोर फुलातच वाढली."

सीमा मॅडम पुढे आल्या. अंबाडा कुठला, त्यांचे केस तर मानेवर कापलेले! "तिला तो मानेला लागलेला सोसत नाही, ताई. ओला दोरा, तो वास. मी तीन-चारदा फोन केला हो तुम्हाला."

"मले नका शिकवू." जमुनाने पेल्यातला गजरा उचलला. पाणी निथळत होतं. आता सगळ्यांसमोर माळून दाखवते, मग कळेल कोण खोटं! ती रागिणीच्या मागे गेली आणि वेणीला हात लावला.

रागिणी किंचाळली नाही. तिने खिशातून लाल पुठ्ठा काढला आणि डोक्यावर उंच धरला.

मॅडम होत्या तिथेच थांबल्या. मागच्या बाकावरचा कुलदीप डबा उघडत होता, त्याचाही हात थांबला.

"काकू, लाल दाखवलं का थांबा लागते," रश्मी हळूच म्हणाली. "सगळ्याइलेच. हेडसरबी थांबतेत."

जमुनाचा हात हवेत राहिला. गजऱ्याचं पाणी तिच्या बांगड्यांवरून कोपरापर्यंत ओघळलं. गुडघ्यांत दाबलेली ती मान, त्या किंकाळ्या, इतक्या वर्षांच्या सगळ्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. शाळेपायी नव्हत्याच त्या किंकाळ्या, गजऱ्यापायी होत्या.

"घरी पण लागेल म्हणून काल खिशात दिला होता," मॅडम म्हणाल्या.

गजरा परत पाण्यात ठेवून, आणलेला डबा तसाच घेऊन जमुना निघाली. जाता जाता व्हरांड्यातल्या टाकीकडे मात्र तिने पुन्हा एकदा पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणी सवयीने येऊन पाठ करून बसली. खांदे कानांपर्यंत चढलेले, डोळे मिटलेले. जमुनाने वेणी घातली, रिबीन बांधली आणि दोन्ही रिकामे तळहात पोरीच्या समोर नेऊन धरले. रागिणीने एक डोळा उघडला. मग दुसरा. आईचे तळहात पालथे करून पाहिले. मग खांदे हळूहळू खाली आले.

लाल पुठ्ठा खिशात आहे ना, ते तपासून जमुनाने तिला रिक्षात बसवलं.

दुकान उघडलं, तर माणिकबाई कोथिंबिरीवर पाणी मारत होती. "काहून वं, आज पोरगी शाळेत नाई गेली का? आवाज नाई आला."

"गेली ना," जमुना म्हणाली आणि रागिणीसाठी ओवलेला गजरा तिने विकायच्या गजऱ्यांत ठेवून दिला.