ग्वेंडाची शिळी पौर्णिमा

पौर्णिमा एक दिवस शिळी आहे हे सगळ्यात आधी डडलीच्या लक्षात आलं, आणि डडलीच्या लक्षात आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्याला माहीत असते.

मार्च महिना होता. आमच्या यॉर्कशायरच्या गावावर जो माळ आहे, त्याच्यावर मेंढ्यांसाठी बांधलेल्या दगडी भिंतीच्या आडोशाला ग्वेंडाचं पेगन, म्हणजे जुन्या निसर्गदेवतांना मानणारं, मंडळ दर पौर्णिमेला जमतं. मंडळ म्हणजे सात-आठ डोकी, तेवढेच झगे, एक काळी कढई आणि नेस्टामावशीचा बिस्किटांचा डबा. ग्वेंडा माझी बायको आणि मंडळाची पुरोहित. माझा देवीवर विश्वास नाही आणि देवावरही नाही. मी जन्मभर बस चालवली, माझा विश्वास वेळापत्रकावर. पण घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास आपल्या पायांनी माळ चढत नाहीत, त्यामुळे मंडळात मला भक्तांपेक्षा जास्त मान आहे.

तर त्या संध्याकाळी चक्क आभाळ निवळलेलं होतं. आमच्याकडे चंद्र पूजायचा म्हणजे बहुतेक वेळा ढग पूजायचे. ग्वेंडाने हात वर केले तेवढ्यात डडलीने मोबाईल वर केला.

"ग्वेंडा, पौर्णिमा काल होती."

"आज आहे."

"काल संध्याकाळी होती. हे बघ, मिनिटासकट दिलंय."

"मग मिनिटासकट खिशात ठेव."

डडली हा निवृत्त चष्मेवाला. 'हे नीट दिसतं की ते नीट दिसतं' असं लोकांना विचारण्यात त्याचं आयुष्य गेलं. चंद्राकडे बोट दाखवून तो म्हणाला, "उजवी कड बघा. जरा चेपलीय."

"तुझी नजर चेपलीय," ग्वेंडा म्हणाली आणि मंत्र म्हणायला लागली. पण उतरताना सगळे कुजबुजत होते.

आता यात डडलीचं काही चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. चूक आमच्या फ्रिजच्या वर टांगलेली होती.

आमची एकुलती एक मुलगी टॅम्सिन गुरांची डॉक्टर आहे. आदल्या शरद ऋतूत ती न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला नोकरीला गेली. याहून लांब जायचं तर पृथ्वी सोडावी लागते. विमानतळावर मायलेकींनी आपसांत एक करार केला: दर पौर्णिमेला दोघींनी चंद्र बघायचा. त्या दिवशी फोन नाही, मेसेज नाही, फोटो नाही. बघणं हाच निरोप. मी ट्रॉली धरून शेजारी उभा होतो, मला कोणी विचारलं नाही. मी आपला फोनवाला माणूस.

मग यूलच्या, म्हणजे भर हिवाळ्यातल्या सणाला टॅम्सिनचं पार्सल आलं. मला मोजे, आईला चंद्राचं कॅलेंडर. ग्वेंडा दरवर्षी पुलाजवळच्या दुकानातून असं कॅलेंडर आणते, ते यंदा तिने पोरीला पाठवून दिलं होतं आणि पोरीने तिथलं हिला पाठवलं. तिथलं म्हणजे सगळंच उफराटं. वसंताचा सण ऑक्टोबरात, पितरांचा मे महिन्यात आणि भर जूनमध्ये यूल. चंद्राच्या कोरीसुद्धा उलट्या बाजूला तोंड करून बसलेल्या. ग्वेंडाने लाल पेन्सिल घेऊन सगळे सण खोडले, पण पौर्णिमांना हात लावला नाही.

"अगं, तिथला दिवस आपल्या आधी उगवतो," मी म्हटलं. "आपल्याकडे मंगळवारी संध्याकाळी पौर्णिमा असली की तिथे बुधवार उजाडलेला असतो. हे कॅलेंडर बुधवारच दाखवणार."

"माहीत आहे मला. टॅम्सिन ज्या तारखेला बघणार, त्याच तारखेला मी बघणार."

"आणि मंडळ?"

"मंडळाला एक दिवस थांबल्याने काही होत नाही. नेस्टामावशीची बिस्किटं आठवडाभर टिकतात, चंद्र काय एका दिवसात नासतोय?"

चंद्र नासला नाही, पण चेष्टा मात्र सुरू झाली. खाटीक मला मटण बांधून देताना म्हणायचा, "क्लिफ, तुमच्याकडे म्हणे कालचा माल आज निम्म्या किमतीत मिळतो." पबमध्ये शिरलो की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय, उरलेला चंद्र बघायला का?" वरातीमागून घोडं पाहिलं होतं, वरातीमागून आख्खं मंडळ झगे घालून निघालेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यात ग्वेंडाच्या कॅलेंडरात त्या वर्षी पौर्णिमा निघाल्या तेरा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो मी खुर्च्यांसकट माळावर चढवला.

सप्टेंबरात सुगीचा चंद्र आला. मंडळाची ही सगळ्यात मोठी रात्र. त्या दिवशीही आमची पौर्णिमा कालच होऊन गेलेली. डडलीने सगळ्यांसमोर विषय काढला.

"ग्वेंडा, एक तर कॅलेंडर बदल, नाहीतर यापुढे तारीख मी ठरवीन. मी एकटाच म्हणत नाहीये. अगं, त्यातल्या कोरीसुद्धा चुकीच्या बाजूला आहेत!"

नेस्टामावशीने डब्यातून कोरीच्या आकाराचं एक बिस्किट काढलं, त्याच्या नाकासमोर धरलं आणि उलटं फिरवलं. "हे घे बाळा. आता झाली बरोबर? खा आणि गप्प बस."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर कोणीही ग्वेंडाच्या बाजूने बोललं नाही. तिने ते पाहिलं. "पुढच्या पौर्णिमेला सांगते," एवढंच म्हणाली.

घरी येऊन तिने झगा खुर्चीवर टाकला आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

"मंडळ सोडीन मी," ती म्हणाली, "पण तो दिवस सोडणार नाही. क्लिफ, महिन्यातून एकदा मला वाटतं की पोर घरात आहे. वरच्या खोलीत आहे आणि आत्ता खाली येईल. तेवढा एकच दिवस."

मला टर उडवता येते, धीर देता येत नाही. मी चहा टाकला.

पण तिने मंडळ सोडावं हे मला बघवलं नसतं. ते तिने उभं केलं होतं, माझ्या खुर्च्यांवर का होईना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बागेतल्या शेडमागे गेलो आणि टॅम्सिनला फोन लावला. म्हटलं, पोरीलाच सांगावं, की आईला सांग, 'तू तुझ्याकडच्या तारखेला बघ, मी जमवून घेते.' तिथे सकाळ होती, मागे गाई हंबरत होत्या.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तुझं कॅलेंडर बरं नाही." आणि मी सगळं सांगितलं.

पलीकडे गोठ्याचं दार लोटल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "मी तर आईचं कॅलेंडर लावलंय. पहिल्या दिवसापासून. आई ज्या तारखेला बघणार, त्याच तारखेला मी बघते."

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसलो. दोघांनी बोटांवर तारखा जुळवल्या. पोर आईच्या तारखेला बघायची, म्हणजे तिथे पौर्णिमा व्हायच्या आदल्या रात्री. आई पोरीच्या तारखेला बघायची, म्हणजे इथे पौर्णिमा होऊन गेल्यावर. आणि मधे जेव्हा चंद्र खरोखर पुरा भरायचा, तेव्हा दोघींपैकी कोणीच वर बघत नव्हतं. बिचारा एकटाच येऊन जायचा.

टॅम्सिन हसायला लागली, मीही हसलो. मग ती हसायची थांबली. "आईला सांगू नका हं, बाबा."

"मी कशाला सांगतोय?"

मी बूट काढायच्या आत ग्वेंडाने विचारलं, "काय लपवतोयस?" आणि मी सांगून टाकलं. माझ्या पोटात तिळाएवढंही काही राहत नाही, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

आधी ती इतकी हसली की टेबल धरावं लागलं. "माझीच पोर!" म्हणाली. मग टेबल धरूनच म्हणाली, "म्हणजे मी रिकाम्या आभाळाशी बोलत होते."

मला त्या कॅलेंडरचा असा राग आला की मी ते खिळ्यावरून ओढून काढलं. तिने माझ्या हातातून घेतलं आणि परत टांगलं. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला डडलीच्या तारखेला मुकाट्याने माळावर आली, हात वर केले, मंत्र म्हणाली आणि घरी येऊन झोपली. डडली जिंकला होता आणि अगदीच कावराबावरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो कढई परत करायच्या निमित्ताने आमच्या दारात आला. मी त्याला आत घेतलं आणि सगळं ऐकवलं. "झालं समाधान?" असंही विचारलं.

डडली बसला. चष्मा काढून पुसला. मग मोबाईल काढला आणि त्यात टॅम्सिनच्या गावाचं नाव घातलं.

"ग्वेंडा, एका तारखेला बघून काय होणार? तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो."

"ते मला शाळेत शिकवलंय."

"हो, पण हे बघ ना. आपल्याकडे पौर्णिमेचा चंद्र सकाळी मावळतो ना, साधारण त्याच सुमाराला तिथे संध्याकाळचा उगवतो. आपल्या हिवाळ्यात तर जवळजवळ गाठच पडते. इथून उतरला की तिथे वर." त्याने मोबाईल तिच्यापुढे सरकवला. "म्हणजे तोच तिकडे जातो."

ग्वेंडाने चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढून डडलीकडे बघितलं.

"हे सगळं त्या डबड्यात होतं? आणि तू वर्षभर मला मिनिटं सांगत बसलास?"

डडली लाल झाला. मी त्याला चहा दिला, बिस्किटही दिलं.

नोव्हेंबरची सकाळ पावसाने नेली. डिसेंबरात मात्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वारा पडला आणि माळावर हिव गोठलं. पौर्णिमेच्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता चढलो. ग्वेंडा, मी, आणि झग्यावर लोकरीची टोपी घातलेला डडली, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. करारात आता फोनला जागा मिळाली होती, त्यामुळे त्या दिवशी माझा भाव वधारलेला होता. चंद्र पश्चिमेला माळाच्या कडेवर आला होता, मोठा आणि फिकट पिवळा. त्याची कुठलीच कड चेपलेली नव्हती, हे डडलीने दोनदा सांगितलं.

"टेकतोय गं," ग्वेंडा फोनमध्ये म्हणाली. "तुझ्याकडे?"

"नुसता समुद्र आहे, आई. आणि खाली ढगांची पट्टी."

"यायला हवा," डडली मोबाईल बघत म्हणाला.

"डडली, तू गप्प बस."

चंद्र अर्धा बुडाला. मग त्याची फाक राहिली, मग कड राहिली, आणि मग नुसताच माळ राहिला. ग्वेंडा फोन कानाला घट्ट लावून उभी होती. आमच्याकडे चंद्र नव्हता आणि पोरीकडेही नव्हता. डोंगराएवढी बाई माझ्याशेजारी लहान होऊन उभी होती. मी तिचा मोकळा हात धरला.

"आई!" फोनमधून इतक्या जोरात आलं की डडली दचकला. "आला! ढगातून वर आला! केवढा आहे! पण आई, हा उलटा आहे."

"मी नीटच पाठवलाय," ग्वेंडा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "तूच तिथे उलटी उभी आहेस."

पोर हसली, पण ते हसणं मधेच फाटलं.

"बघ आता रात्रभर," ग्वेंडा म्हणाली. "पण ठेवून घेऊ नकोस हं. आमच्या संध्याकाळी परत पाठव."

"पाठवते," टॅम्सिन म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आई, फोन ठेवू नकोस ना."

ग्वेंडाने ठेवला नाही. मी खुर्च्यांची घडी करायला घेतली होती, ती तशीच सोडली, आणि एक खुर्ची उघडून तिच्या मागे सरकवली.