ढोलवाल्याची गैरहजेरी

मित्रांनो, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका गावच्या पलटणीची मी म्हातारी हजेरीवही आहे. पलटण म्हणजे काय, तर शेतकरी, चांभार, लोहार. वर्षातून चार दिवस शिपाई. एकजण बंदूक घरी विसरला म्हणून खांद्यावर झाडू घेऊन उभा राहिला. माझ्यात त्याची नोंद 'सशस्त्र' अशी आहे.

माझे कारकून झेडॉक पेल. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव हेकट. ओ दिली तर हजर, नाही तर गैरहजर, हा त्यांचा नियम. माझ्यात एकही खाडाखोड नाही म्हणून कॅप्टनसाहेब माझं कौतुक करत, आणि मीही तोऱ्यात असे.

पुढे लढाई आली. पलटणीने उन्हाळाभर नदीच्या मुखावर पहारा दिला. मग तह झाला, आणि मी तीस वर्षं पेलांच्या माळ्यावर धूळ खात पडले. माझी एक कड उंदरांनी खाल्ली, ती तेव्हाच.

एके दिवशी मला कोर्टात नेलं. पलटणीचा ढोलवाला एसाहेल वीक्स वारला होता. सरकारी पेन्शन मिळाली नाही तर त्याच्या बायकोला, केझायाबाईंना, घर सोडून निराधारांसाठीच्या गावच्या गरीबखान्यात जावं लागणार होतं. पेन्शन लढाईत हजर असलेल्यांनाच होती, म्हणून न्यायाधीशांनी मला उघडलं.

"बाई, तुमचे मालक तर उन्हाळाभर गैरहजर आहेत."

"अगं बाई! मग हा माणूस तीन महिने होता तरी कुणाकडे?"

लोक खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारे पेल काठी आपटत उठले. "कुणाकडे कशाला? तिथेच होता की! मी नावं पुकारायचो आणि हा माझ्या कानाशी ढोल बडवायचा, मेला!"

"मग गैरहजर का लिहिलंत?"

"त्याची ओ ऐकू आली नाही."

"अहो, ढोल ऐकू येत होता ना? करा दुरुस्त!"

पेलांनी टाक उचलला, पण हात पुढे जाईना. "नियम म्हणजे नियम, साहेब." त्यांनी घसा खाकरला आणि पुकारा केला, "एसाहेल वीक्स!"

केझायाबाई उठून उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.

पेलांनी एकेक पान उलटून त्याच्या 'गैरहजर'वर काट मारली आणि 'हजर' लिहिलं. मित्रांनो, जुन्या वह्या जपा, उंदरांच्या हवाली करू नका. आणि माझ्यातल्या खाडाखोडीला नावं ठेवू नका. माझ्यात खात्रीचं असं तेवढंच आहे.