जागेवर पाहिले

सोळा प्लॉटांच्या लेआउटला मंजुरी देण्याआधी नगररचना कार्यालयात हरकतींची सुनावणी होती. हरकत एकच होती, शेजारच्या जमिनीवर घर असलेल्या निवृत्त मास्तरांची. ते आत आले आणि लेआउटचा पाहणी अहवाल लिहिणारी ती खुर्चीतून अर्धवट उठली. शाळेत तिला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं.

मास्तरांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथून ओढा जातो. तुम्ही तो दाखवलाच नाही. उद्या तो बुजवला की पाणी माझ्या घरात शिरेल."

"अहो मास्तर, आमच्या मॅडम जागेवर जाऊन आल्यात," साहेब हसले. "एवढा ओढा त्यांच्या नजरेतून सुटला म्हणता?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "मग मॅडम, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरूनच गेला असाल. दुसरी वाट नाही तिथे."

शाळेत ते तिला 'चिमणे' म्हणत. एकदा तिने प्रयोग न करताच वहीत आकडे भरले, तेव्हाही ते रागावले नव्हते. "चिमणे, पुन्हा कर," एवढंच म्हणाले होते.

पाहणीच्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून तिने अहवाल टेबलावरच लिहिला होता.

तिने फाइल ओढून घेतली. 'जागेवर पाहिले' या शब्दांवर रेघ मारली, शेजारी 'पाहिले नाही' असं लिहिलं आणि सही केली. साहेबांचं हसू मावळलं.

"उद्या सकाळी येते, सर," ती कशीबशी म्हणाली.

"चिखल आहे, जपून या," मास्तर म्हणाले.

'ये' नाही, 'या'. तिची मान वर झाली नाही.