गिरणी बंद, तरी फिरणारी चकती

मी एक जुना वीजमीटर आहे, मित्रांनो. लोखंडी पेटी, पुढे काच आणि काचेमागे फिरणारी एक चकती, एवढेच माझे रूप. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या कागद गिरणीत, तळघराच्या भिंतीवर मला बसवले. शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर साऱ्या गिरणीला दाबाची हवा पुरवायचा. तो किती वीज खातो, हे मी मोजायचो.

तळघरात कोणी फिरकत नसे. येई ती फक्त वीज विभागातली हिल्का. रोज सकाळी सातला ती बाहीने माझी काच पुसायची, "काय रे, बरा आहेस ना?" म्हणायची आणि वहीत आकडा लिहायची. दोन मिनिटांचे काम. उरलेला दिवस मी त्या दोन मिनिटांची वाट पाहण्यात काढी.

एका वसंतात मालकांनी बजावले, विजेचा खप उतरला नाही तर गिरणीतले दुसरे यंत्र बंद आणि चाळीस माणसे घरी. फोरमन रौतिओने खापर माझ्यावरच फोडले.

"तुझा हा म्हातारा चळलाय, हिल्का. भंगारात टाकू या त्याला."

"टाका. पण आधी तो खोटं बोलतो हे दाखवा," ती म्हणाली.

जूनमध्ये जुहानुसची, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाची, सुट्टी लागली. यंत्रे थांबली, माणसे तळ्याकाठी वाफेच्या स्नानाचा सॉना तापवायला गेली. शनिवारी भर दुपारी हिल्का एकटीच खाली आली. शेजारचा कॉम्प्रेसर तरीही चालू होता आणि माझी चकती फिरतच होती.

"अरे, वर चिटपाखरू नाही. मग ही हवा खातंय कोण?"

मला तोंड नाही. मी नुसता फिरत राहिलो.

ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने बादलीभर साबणाचे पाणी आणि ब्रश घेतला. दोन दिवस ती हवेच्या नळांवर फेस लावत हिंडली. जिथे बुडबुडा फुगेल, तिथे खडूची खूण. सर्वांत मोठी गळती एका तुटक्या नळाच्या चिंधी कोंबलेल्या तोंडाशी निघाली. तिथले कागद कापायचे यंत्र कधीच हलवले होते. तिने रौतिओला बोलावून घेतले. तो ओल्या केसांवर टोपी चढवून तसाच आला आणि नळ पाहून त्याचा चेहरा पडला.

"अगं, ही चिंधी मीच कोंबली होती. दोन दिवसांपुरती."

"बारा वर्षं झाली त्या दोन दिवसांना."

कोट काढून त्याने पाना हातात घेतला. खुणा केलेल्या साऱ्या गळत्या बंद करून दोघे खाली आले, तेव्हा कॉम्प्रेसर शांत झाला होता. माझी चकती रेंगाळली आणि थांबली. रौतिओने टोपी काढली.

"माफ कर, म्हाताऱ्या."

विजेचा खप उतरला आणि दुसरे यंत्र वाचले. चाळीस माणसे कामावर राहिली.

पुढे हिल्का निवृत्त झाली. माझ्या तारा तोडल्या, शेजारी नवा मीटर बसवला. त्याचे आकडे आपोआप वरच्या संगणकाच्या पडद्यावर जातात, म्हणून तळघराला आता कुलूपच असते.

मित्रांनो, माझे सोडा. माझ्यापाशी आठवणी तरी आहेत. पण हा नवा पोर हिरवा दिवा लुकलुकवत रात्रंदिवस खरे सांगत असतो आणि ते कोणी वाचते की नाही, हेही त्याला ठाऊक नाही. त्याच्या काचेवर धुळीचा थर चढला आहे. नुसते मोजून वीज वाचत नाही. कधीतरी खाली या आणि त्याच्यासमोर दोन मिनिटे उभे राहा.